अनंताच्या कुंडीतली राख

लातूरच्या घरातल्या हॉलमधल्या अनंताची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा त्यांच्या शिरा हिरव्याच होत्या. हे आधी सांगायला हवं. पुढे घरात जे बोललं गेलं ते शिरांकडे न बघता बोललं गेलं.

नोकरी नांदेडला, एका दैनिकाच्या डेस्कवर. सुट्टीच्या आदल्या दिवशी लोहा, अहमदपूर करत येणारी बस मला संध्याकाळी लातूरला सोडायची. घर दुसऱ्या मजल्यावरचं. तिथे माझी आई राहते, जिला आम्ही अव्वा म्हणतो, आणि माझी वहिनी. थोरला भाऊ जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. वहिनी एका डाळमिलच्या ऑफिसात बिलं करते. माहेर हदगावचं. घर भावाच्या आणि तिच्या नावावर होतं, आता तिच्या एकटीच्या नावावर आहे.

आठवड्यातून एकदा घर बघणाऱ्याला रोज बघणाऱ्यापेक्षा बदल लवकर दिसतो. आधी शेंड्याची कोवळी पानं फिकी झाली. नंतर ती लिंबाच्या सालीसारखी पिवळी आणि त्यांवर हिरव्या रेषांची जाळी. कळ्या धरल्या, पण उमलण्याआधी गळून पडल्या. कुंडीच्या काठावर पांढरट पापुद्रा जमला होता. तसा पापुद्रा लातूरच्या कुठल्याही घरात पाणी तापवायच्या भांड्यात असतो, त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

ही कुंडी तिथे का होती, तेही सांगायला हवं. आम्ही लिंगायत. अव्वा रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करते. पाणी घालते, विभूती लावते, फूल नाहीतर बेलाचं पान वाहते. त्या पाण्यातलं थोडं तीर्थ म्हणून घ्यायचं. उरलेलं पाणी मोरीत सोडायचं नसतं, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नसतं. उदगीरच्या घराला मागे परसू होतं. तिथे हे पाणी नारळाच्या बुडाशी जायचं आणि पुढे त्याचं काय होतं याचा विचार करायची कुणाला गरज नव्हती. फ्लॅटमध्ये जमीनच नाही. अव्वा लातूरला राहायला आली तेव्हा पहिल्या दिवशी तांब्या हातात धरून हॉलमध्ये उभी राहिली आणि भावाला म्हणाली, "आता हे कुठं घालू?" भावानं त्याच संध्याकाळी नर्सरीतून अनंताची दोन रोपं आणली. एक हॉलच्या पूर्वेच्या खिडकीत, अव्वाच्या पाण्यासाठी. दुसरं त्याच्या खोलीत, वासासाठी.

दोन्ही कुंड्यांना संध्याकाळचं पाणी वहिनी घालायची. ओल्या फडक्यानं पानं पुसायची. भाऊ गेल्यावर घरातली बरीच कामं सैल झाली. हे एक चालू राहिलं.

मावशी, म्हणजे अव्वाची धाकटी बहीण, उदगीरहून डोळे दाखवायला आली आणि थोडे दिवस राहिली. त्या शनिवारी मी घरात शिरले तेव्हा ती सोफ्यावर बसून शेंगा फोडत होती आणि खिडकीकडे बघत होती.

"अक्का, हे झाड असं कशानं झालं गं?" तिनं अव्वाला विचारलं.

"उन्हानं झालं असंल."

"घरात कुठलं आलंय ऊन? पाणी कोण घालतंय?"

"सून घालती की."

मावशीनं दोन शेंगा फोडल्या. मग म्हणाली, "मग बरोबर हाय."

"काय बरोबर हाय, मावशी?" मी विचारलं.

"तुला न्हाई कळायचं. तू पेपरवाली."

"पेपरवालीलाच सांग. बातमी तरी करते."

"कर की. हात बी बघावा लागतो बाई. कुकू पुसलेल्या हाताचं पाणी झाडाला सोसत न्हाई. त्यातनं हे देवाम्होरचं झाड."

अव्वा पाय लांब करून बसली होती. तिनं ते जवळ घेतले. "माझं बी कुकू पुसलंय की. रोज सकाळी मीच पाणी घालते त्या कुंडीत."

"तुझं वय झालं, अक्का. तुझं वेगळं."

"वय झालं की हात धुऊन निघतोय व्हय?" अव्वा म्हणाली. "आपल्यात विटाळ न्हाई, सुतक न्हाई. गळ्यात लिंग हाय त्याला कसला विटाळ? हे मी तुला सांगू का तू मला सांगशील?"

"बोलायला ठीक हाय," मावशी म्हणाली. "लोक काय बघत्यात ते बघ."

स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यात दार नाही, नुसती कमान आहे. वहिनी आत पोळ्या करत होती. लाटण्याचा आवाज थोडा वेळ थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

पुढच्या शनिवारी अनंताच्या पानांवर धूळ होती. माती वरून भेगाळली होती. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "मी हात लावणं सोडलंय, ताई." एवढंच म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली. दोन्ही कुंड्यांना हात लावणं सोडलं होतं. भावाच्या खोलीतल्यासुद्धा.

दुसरी गोष्ट मला अव्वाकडून कळली. मावशीनं हदगावला वहिनीच्या भावाला फोन केला होता. बहिणीला थोडे दिवस घेऊन जा, तिचंही मन रमेल, इथे अक्कासोबत मी राहीन, असं सांगितलं होतं. तो रविवारी दुपारी येणार होता. वहिनीला विचारलेलं नव्हतं, कळवलेलं होतं. 'थोडे दिवस' या शब्दांना अशा घरांत मुदत नसते. बाई बॅग घेऊन जाते, तिची खोली पाहुण्यांची होते, मग गाद्या ठेवायची होते, आणि ती परत कधी येणार हे कुणी न ठरवताच ठरून जातं. वहिनीचं घर जाण्याची वेळ आली होती आणि कारण म्हणून एक झाड पुढे केलं होतं.

मी झाडापासून सुरुवात केली. माझ्या कामात तेच शिकवलेलं आहे. आरोप कुणी केला हे बाजूला ठेवायचं, आरोपात काय म्हटलंय ते तपासायचं.

ज्या भागात शिकवण्या आहेत तिथे विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलचं सामान विकणारी दुकानं आहेत. तिथून त्याच संध्याकाळी पीएच बघायच्या कागदी पट्ट्या आणल्या. शेतकऱ्यांना माती तपासणीचा जो अहवाल मिळतो त्यात पीएचला सामू म्हणतात, आणि तो शब्द चांगला आहे. सात म्हणजे मधली स्थिती. त्याच्या खाली माती आंबट होत जाते, वर गेली की चुन्याकडे, सोड्याकडे झुकते. मराठवाड्याच्या मातीचा आणि बोअरच्या पाण्याचा कल वरच्या बाजूला. बऱ्याच झाडांचं त्यानं अडत नाही. अनंताचं अडतं. त्याला सहाच्या खालची, आंबटसर माती लागते. सामू चढला की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, आणि मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे ज्याला माहीत आहे त्याला झाडाकडे बघूनच शंका यायला हवी. मला वाचल्यावर आली.

माती साध्या पाण्यात कालवून चालत नाही, कारण नळाचं पाणीच मुळात क्षाराचं. घरात इन्व्हर्टर आहे, म्हणून त्याच्या बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन होता. त्यात क्षार नसतात. दोन्ही कुंड्यांतली बोटभर खोलीची माती वेगवेगळ्या वाट्यांत त्या पाण्यात ढवळली, गाळ बसू दिला, फडक्यातून गाळली आणि पट्ट्या बुडवल्या. भावाच्या खोलीतल्या कुंडीची पट्टी हिरवी आली, सातच्या जरा वर. तेही झाड काही टवटवीत नव्हतं, पण हिरवं होतं. नळाच्या पाण्याची पट्टी हिरवट निळी, आठच्या आसपास. हॉलमधल्या कुंडीची निळी. डबीवरच्या रंगांशी लावून बघितली तर नऊ.

रोप एकाच नर्सरीतलं, पाणी एकाच नळाचं, आणि हातही एकच. फरक एवढाच होता की हॉलमधल्या कुंडीत रोज सकाळी आणखी एक तांब्या पडत होता.

रविवारी सकाळी अव्वाची पूजा झाल्यावर तिला म्हटलं, "अव्वा, आजचं पाणी कुंडीत घालू नको. जरा वाटीत दे."

"कशाला?"

"तपासायचंय."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि वाटी पुढे केली. पट्टी पाण्यात शिरताच जांभळी झाली.

चहाच्या वेळी मी बशांमध्ये पट्ट्या मांडल्या आणि काय केलं ते सांगितलं. विभूती म्हणजे गोवरीची राख. राख पाण्यात उतरली की पाणी चुन्यासारखं होतं. परसात जमीन मोठी, तिथे ते जिरून जायचं. बादलीएवढ्या कुंडीतून ते कुठे जाणार? रोजचं थोडं थोडं साठत गेलं.

मावशीनं चहाची बशी खाली ठेवली. "लिंगावरनं आलेलं पाणी हाय ते. त्यानं झाड मरतंय म्हणतीस? कागद देवापरीस मोठा झाला व्हय गं?"

"मी देवाचं काही म्हणत नाही. राखेचं म्हणतेय."

"शिकल्या की अशाच बोलत्यात. उद्या म्हणशील गंगेत बी कागद बुडवते."

"गंगेत कशाला, आधी तुझ्या चहात बुडवते," मी म्हटलं. ते तिला आवडलं नाही.

अव्वा गुडघ्यावर हात देऊन उठली, देव्हाऱ्यातली विभूतीची डबी घेऊन आली. बॅटरीचं पाणी एका नव्या वाटीत ओतायला लावलं. त्यात चिमूटभर विभूती टाकली, लिंगाचा त्या पाण्याशी काही संबंध नव्हता. पट्टी स्वतःच्या हातानं बुडवली आणि खिडकीजवळ नेऊन बघितली. जांभळी.

"राखच की ही," ती म्हणाली. "उदगीरला आपण राखेनंच भांडी घासायचो. आठवतंय का गं? बोटांची सालं निघायची. तू तर रडायचीस. झाडाची बोटं काय लोखंडाची हायती?"

मावशी म्हणाली, "मग आता पूजा बंद करणार?"

"पूजा कशाला बंद करू? पाणी दुसरीकडं घालीन."

मावशीनं पदर सारखा केला. तिला माघार घ्यायची होती आणि ती मोठेपणानं घ्यायची होती. "बरं बाई," ती म्हणाली. "तिचा दोष न्हाई, असं धरू मग."

वहिनी कमानीत उभी होती. हाताला कणीक लागलेली होती.

"धरू नका, मावशी," ती म्हणाली.

"अगं, तुझ्या बाजूनंच बोलतेय मी."

"हाव, ऐकलं. हा कागद हिरवा आला असता तर काय केलं असतं तुम्ही? माझी बॅग भरली असती?"

मावशी म्हणाली, "तसं न्हाई."

"तसंच हाय. दादा निघालाय तिकडनं. बसमधी हाय." मग ती माझ्याकडे वळली. "आणि ताई, तुम्ही काय करून राहिलात हे? कागद आणायला गेलात. म्हंजे माझ्या हाताचं तपासायला लागतं, असं तुम्हाला बी वाटलं."

मला तसं वाटलं नव्हतं. पण मांडणी तशीच होती, तिच्या हातापासून सुरू होऊन तिच्या हातापाशी संपणारी. मी बशांमधल्या पट्ट्या उचलायला लागले.

"ही झाडं ह्यांनी आणली," वहिनी म्हणाली. "मी पाणी घालणार. कुणी सांगितलं म्हणून न्हाई, कुणी दोषातनं सोडलं म्हणून न्हाई. जगली तर जगली, मेली तर मेली. मेली तर मी हदगावला जाणार न्हाई. आणि जगली म्हणून मी इथं राहिले असं बी कुणी म्हणायचं न्हाई. हे घर माझं हाय. झाडाला विचारून न्हाई राहत मी."

अव्वा म्हणाली, "पोळ्या करपतील."

"करपू द्या," वहिनी म्हणाली, आणि आत गेली. पोळ्या करपल्या नाहीत.

दुपारी तिचा भाऊ आला. तिनं त्याला वाढलं, हदगावची पावसापाण्याची, कापसाची चौकशी केली. तो मावशीकडे बघत म्हणाला, "मला तर फोन आला व्हता की तू येणार हाईस."

"फोन मी केला व्हता का, दादा?"

"न्हाई."

"मग भात घे अजून."

संध्याकाळच्या गाडीनं तो एकटा परत गेला. मावशी दोन दिवसांनी गेली. तिच्या जाण्याला कुणी काही नाव दिलं नाही.

त्यानंतरचं काम साधं आणि संथ होतं. अनंत कुंडीतून काढलं. मुळांभोवतीची माती जितकी सुटेल तितकी सोडवली. नवीन मिश्रणात निम्मा नारळाच्या काथ्याचा भुसा, बाकी कुजलेला पाला, माती अगदी थोडी. नर्सरीवाल्याकडे लोहाचं खत मागितलं तर त्यानं झाडाचा फोटो बघून सल्ला दिला, "मॅडम, फेका हे. मनी प्लांट न्या. त्याला काही कळतच नाही, ते जगतं." खत मात्र दिलं.

पाण्यासाठी एसीच्या नळीखाली बादली ठेवली, कारण ते पाणी जवळजवळ बॅटरीच्या पाण्यासारखंच असतं. ते कमी पडलं की नळाच्या पाण्यात लिंबूसत, अगदी चिमटीनं. घालायचं, ढवळायचं, पट्टी बुडवायची, आणि रंग हिरव्यावरून पिवळसर झाला की थांबायचं. घाई करून जास्त घातलं तर मुळं उलट्या बाजूनं भाजतात. शेजारणीनं सांगितलेली अंड्याची टरफलं घातली नाहीत, ती चुन्याचीच असतात. चहाचा चोथा धुऊन घातला, त्यानं फार काही होत नाही, पण माती मोकळी राहते. पिवळी झालेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, हे वहिनीला आणि मला दोघींना शिकावं लागलं. बघायचं ते नव्या पानाकडे.

अव्वाच्या पाण्याचाही प्रश्न सुटला. इमारतीच्या आवारात भिंतीलगत बेलाचं झाड आहे. बेलाला चुनखडीची जमीन चालते, राखेचं पाणी त्याला बाधत नाही. अव्वाचे गुडघे रोज दोन मजले उतरू देत नाहीत. लिफ्ट आहे, पण वीज जाईल या भीतीनं ती तिच्यात पाऊल ठेवत नाही. तिनं पहिल्याच सोमवारी तांब्या वहिनीच्या हातात दिला.

"कामाला जाता जाता घाल," ती म्हणाली. "दोन्ही हातानं धर. सांडू नको."

जिन्यात खालच्या मजल्यावरची बाई भेटली, तिनं तांब्याकडे आणि वहिनीच्या कपाळाकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "पूजेचं पाणी हाय. जरा बाजूला व्हा." ही हकीकत वहिनीनंच मला सांगितली, आणि सांगताना हसली. ते हसू मी बऱ्याच महिन्यांनी बघत होते.

अनंताला दोन नवी पानं आली. हिरवी होती, शिरांपासून कडेपर्यंत. मी त्यांचा फोटो काढला. मग मे महिना लागला. लातूरचा मे घरातही येतो. पानं आधी मऊ झाली, मग तपकिरी, आणि फांदी नखानं खरवडली तर आत हिरवं काही उरलं नव्हतं. मातीची पट्टी घेतली. पिवळसर हिरवी, सहाच्या किंचित खाली, जशी हवी तशी. सामू बरोबर होता आणि झाड मेलं. मुळं आधीच खूप भाजली असतील. बदललेली माती सोसली नसेल. ऊन असेल. नक्की कारण मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेलं कारण मी लिहीत नाही.

मला वाटलं, मावशीला हे कळवायला नको. रविवार होता. अव्वाला मी तसं म्हणायला लागले तोवर वहिनीनं हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून कुंडी उपडी केली होती. मुळं काळी आणि आखूड होती. ती तिनं बोटांनी उलगडून बघितली, हात धुतले, आणि फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मावशी, मी बोलतेय. हॉलमधलं अनंत वाळलं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "अगं बाई," मावशी म्हणाली. "कधी?"

"ह्या आठवड्यात. पाणी मीच घालत व्हते. शेवटपर्यंत."

"बरं."

"तुम्हाला दुसऱ्याकडनं कळायला नको म्हणून फोन केला."

मावशीनं विषय बदलला. "अक्का कशी हाय?"

"बसलीय इथंच. ऐकून राहिली."

"शेंगा पाठव गं," अव्वा लांबूनच म्हणाली.

"मग आता?" मावशीनं विचारलं. "खिडकी रिकामीच ठेवणार?"

"न्हाई. संध्याकाळी नर्सरीत चाललेय. अनंतच आणणार." वहिनीनं फोन जवळ घेतला. "याल तेव्हा मी हिथंच हाय. बघा कसं आलंय ते."

मावशी 'बरं' म्हणाली. तिनं फोन ठेवला की वहिनीनं, ते कळलं नाही. वहिनी खाली बसून वर्तमानपत्रावरची माती गोळा करायला लागली, आणि मला म्हणाली, "ताई, काथ्याचा भुसा उरलाय का बघा. न्हाईतर तो बी आणावा लागंल."